रक्तातील लॅक्टेट आणि मधली उसंत

लॅक्टेट हा तीन कार्बन अणूंचा एक छोटा रेणू आहे. ग्लुकोजचे विघटन होताना तो शरीरातील बहुतेक पेशींत कमी-अधिक प्रमाणात तयार होतो. तांबड्या रक्तपेशींत तर तो अहोरात्र तयार होतो, कारण ग्लुकोज पूर्ण जाळण्यासाठी लागणाऱ्या तंतुकणिका त्यांच्याकडे नसतात. निरोगी माणूस शांत बसलेला असतो तेव्हा त्याच्या एक लिटर रक्तात साधारण एक मिलिमोल लॅक्टेट असते. चालताना, सावकाश पळतानाही हा आकडा फारसा हलत नाही. मात्र ४०० किंवा ८०० मीटरची शर्यत जीव तोडून धावलेल्या खेळाडूच्या रक्तात तो १५ ते २५ मिलिमोलपर्यंत चढतो. पुढे तासाभरात, काही वेळा त्याहून थोड्या अधिक वेळात, तो मूळ जागी येतो. या चढण्या-उतरण्याचा आणि खेळाडू पुन्हा ताजातवाना होण्याचा संबंध काय, हा क्रीडाविज्ञानातला शंभर वर्षांहून जुना प्रश्न आहे. मैदानावर आणि जिममध्ये त्याचे जे उत्तर आजही सर्रास दिले जाते, ते बऱ्याच अंशी चुकीचे आहे.

स्नायू आकुंचन पावतो तो एटीपी या रेणूच्या जोरावर. पण स्नायूत एटीपीची शिल्लक इतकी तुटपुंजी असते की पूर्ण ताकदीने धावताना ती दोन-तीन सेकंदांत संपून जावी. प्रत्यक्षात ती संपत नाही, कारण ती खर्च होते त्याच क्षणी भरून काढण्याचे तीन मार्ग सुरू होतात. पहिला मार्ग फॉस्फोक्रिएटिनचा. हा साठा स्नायूतच असतो आणि क्षणार्धात कामाला येतो, पण जोरदार धावेत दहा-पंधरा सेकंदांत त्याचा मोठा भाग खर्ची पडतो. दुसरा मार्ग ग्लुकोजच्या किंवा स्नायूत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या विघटनाचा. तिसरा मार्ग तंतुकणिकांमध्ये ऑक्सिजनच्या साहाय्याने होणाऱ्या ज्वलनाचा. तिसऱ्या मार्गाने एका ग्लुकोजमागे तीसेक एटीपी मिळतात. दुसऱ्याने जेमतेम दोन किंवा तीन. तरीही जोरदार धावेत शरीर दुसऱ्या मार्गावर एवढा भार टाकते, कारण त्याचा वेग कित्येक पट अधिक आहे. तीव्र व्यायामात स्नायूची ऊर्जेची मागणी विश्रांतीच्या तुलनेत शंभर पट किंवा त्याहूनही अधिक वाढते. अशा वेळी प्रत्येक रेणूतून किती ऊर्जा मिळाली यापेक्षा ती किती लवकर मिळाली हे निर्णायक ठरते.

विघटनाच्या या मार्गाच्या शेवटी पायरुव्हेट तयार होते. ते तंतुकणिकांत जाऊन जळू शकते, किंवा त्याचे लॅक्टेट होऊ शकते. लॅक्टेट होण्यात पेशीचा एक मोठा फायदा आहे. ग्लुकोजचे विघटन चालू राहण्यासाठी एनएडी नावाचा सहविकर सतत मोकळा व्हावा लागतो आणि पायरुव्हेटचे लॅक्टेट होताना तो मोकळा होतो. हे झाले नाही तर काही सेकंदांत सगळी साखळी ठप्प होईल. लॅक्टेट तयार होते म्हणूनच खेळाडू शेवटचे दोनशे मीटर धावू शकतो. त्यासाठी स्नायूतला ऑक्सिजन संपावाच लागतो असेही नाही. ऑक्सिजन पुरेसा असतानाही स्नायू लॅक्टेट बनवतात. विघटनाचा वेग तंतुकणिकांच्या क्षमतेपुढे गेला की पायरुव्हेटचा मोठा वाटा लॅक्टेटकडे वळतो, एवढेच.

मग लॅक्टेटची एवढी बदनामी का झाली? स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शीले यांनी १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आम्ल वेगळे काढले. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांचेच देशबांधव बर्झेलियस यांना शिकारीत पळून पळून दमलेल्या हरणांच्या स्नायूंत ते आढळले आणि दमणूक व हे आम्ल यांची सांगड प्रथम घातली गेली. १९०७ मध्ये केंब्रिजमधील वॉल्टर फ्लेचर आणि फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी बेडकाचे स्नायू शरीराबाहेर काढून त्यांना विजेचे धक्के दिले. ऑक्सिजन नसताना स्नायू थकत गेला तसे त्यात लॅक्टिक आम्ल साचत गेले. ऑक्सिजनमध्ये ठेवल्यावर ते नाहीसे झाले. प्रयोग नेटका होता आणि निष्कर्ष मनात सहज ठसणारा होता. पण बेडकाच्या त्या सुट्या स्नायूला रक्तपुरवठा नव्हता. तयार झालेले लॅक्टेट जाणार तरी कुठे? जिवंत शरीरात ते स्नायूतून बाहेर पडते, दुसरीकडे पोहोचते आणि वापरले जाते. प्रयोगातली ही मर्यादा पुढे कित्येक दशके नजरेआड राहिली.

१९२२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहॉफ यांना विभागून मिळाले. स्नायूतील उष्णता हा हिल यांचा विषय होता. स्नायूतील ऑक्सिजनचा वापर आणि लॅक्टिक आम्लाचे चयापचय यांचे नाते मायरहॉफ यांनी उलगडले होते. पुढे हिल यांनी धावणाऱ्या माणसांवर मोजमापे घेतली आणि ‘ऑक्सिजनचे कर्ज’ ही कल्पना मांडली. धाव थांबल्यावरही माणूस बराच वेळ धापा टाकतो. हा जादा ऑक्सिजन साचलेले लॅक्टिक आम्ल निस्तरण्यासाठी लागतो, असे तिचे सार. त्यातला पाचवा हिस्सा जळतो आणि त्या ऊर्जेवर उरलेल्याचे पुन्हा ग्लायकोजेन होते, असा हिशेबही मांडला गेला. १९३३ मध्ये हार्वर्डमध्ये मार्गारिया, एडवर्ड्स आणि डिल यांनी दाखवून दिले की या कर्जाचा सुरुवातीचा, झपाट्याने फिटणारा भाग लॅक्टेटशी संबंधितच नाही. पुढे १९७३ मध्ये जॉर्ज ब्रुक्स आणि सहकाऱ्यांनी व्यायामाने थकलेल्या उंदरांना किरणोत्सारी खूण केलेले लॅक्टेट टोचले, तेव्हा ती खूण ग्लायकोजेनमध्ये थोडी आणि बाहेर टाकलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये जास्त सापडली. म्हणजे बहुतांश लॅक्टेट जळत होते. ‘कर्ज’ हा शब्द क्रीडाशास्त्राच्या पुस्तकांतून पुढे बराचसा गेला. व्यायामानंतर लागणाऱ्या जादा ऑक्सिजनमागे वाढलेले शरीराचे तापमान, वेगाने चालणारे हृदय आणि श्वासाचे स्नायू, रक्तातील संप्रेरके आणि फॉस्फोक्रिएटिनची भरपाई अशी बरीच कारणे असतात.

ब्रुक्स यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत हे काम पुढे नेले आणि १९८० च्या दशकात ‘लॅक्टेट शटल’ची संकल्पना मांडली. वेगवान तंतूंत तयार झालेले लॅक्टेट त्याच स्नायूतील शेजारच्या संथ तंतूंत जाते आणि तिथे इंधन म्हणून जळते. जे रक्तात उतरते ते हृदय, मेंदू, न धावलेले स्नायू आणि यकृत यांच्याकडे पोहोचते. व्यायामाच्या काळात हृदयाच्या इंधनाचा मोठा वाटा लॅक्टेट उचलते. यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवून रक्तात सोडते. हे चक्र कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने १९२० च्या दशकात उलगडले होते आणि पुढे १९४७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पेशीच्या पडद्यातून लॅक्टेट आत-बाहेर नेण्यासाठी खास प्रथिने असतात. त्यातले एमसीटी-४ प्रामुख्याने वेगवान तंतूंत असते आणि लॅक्टेट बाहेर काढते. एमसीटी-१ संथ तंतूंत आणि हृदयात मुबलक असते आणि ते आत घेते. ही प्रथिने लॅक्टेटच्या प्रत्येक रेणूबरोबर एक हायड्रोजन आयनही नेतात, म्हणजे लॅक्टेट बाहेर पडते तेव्हा स्नायूची आम्लताही सोबत बाहेर पडते. एखाद्या गावाच्या बाजारात एका घरचे जादा धान्य दुसऱ्या घरच्या चुलीवर शिजावे, तसा हा व्यवहार आहे. साचलेला मळ धुऊन काढण्याचे चित्र त्याला मुळीच लागू पडत नाही.

आम्लतेचा मुद्दा थोडा अधिक बारकाईने पाहावा लागतो, कारण गैरसमजाचे मूळ तिथेच आहे. कसून धावल्यावर स्नायूचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ७ वरून ६.५ च्या आसपास उतरतो. रक्ताचाही ७.४ वरून ७ पर्यंत खाली येऊ शकतो. ही आम्लता खरी आहे, तिची जळजळही खरी आहे. पण शरीराच्या सामूला लॅक्टिक आम्ल आम्लाच्या रूपात जवळजवळ राहतच नाही. असते ते लॅक्टेट. रॉबर्ट रॉबर्ग्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ठामपणे मांडले की हायड्रोजन आयन मुख्यतः एटीपी वापरला जाताना सुटतात आणि लॅक्टेट तयार होण्याची क्रिया उलट एक आयन पदरात घेते. या मांडणीतील रासायनिक हिशेबावर अजून वाद चालू आहे. वादाचा निकाल काहीही लागो, लॅक्टेट आणि आम्लता एकाच वेळी वाढतात म्हणून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही, हे आता बहुतेकांना मान्य आहे.

आणि थकवा? त्याबद्दलचा सर्वात बोलका पुरावा एका दुर्मिळ आजारातून मिळतो. ब्रिटिश वैद्य ब्रायन मॅकआर्डल यांनी १९५१ मध्ये एका रुग्णाचे वर्णन केले. त्याचे स्नायू ग्लायकोजेन फोडूच शकत नव्हते, त्यामुळे व्यायामानंतर त्याच्या रक्तातले लॅक्टेट वाढतच नसे. लॅक्टेटमुळे थकवा येत असता तर असा माणूस न थकता धावला असता. प्रत्यक्षात या आजाराचे रुग्ण थोड्याशा श्रमाने थकतात आणि त्यांच्या स्नायूंना पेटके येतात. डेन्मार्कमध्ये २००१ साली उंदराच्या स्नायूंवर झालेल्या प्रयोगांत तर पोटॅशियम साचल्याने क्षीण झालेल्या स्नायूला लॅक्टिक आम्ल घातल्यावर आपली बरीचशी ताकद परत मिळाली. फॉस्फोक्रिएटिन फुटताना सुटणारे अकार्बनी फॉस्फेट, पेशीतील कॅल्शियमच्या हालचालीत येणारा अडथळा, पेशीबाहेर साचणारे पोटॅशियम आणि मेंदूकडून येणाऱ्या आज्ञांची मंदावलेली धार, अशा अनेक गोष्टींतून थकवा घडतो. आम्लतेचा त्यात वाटा असतो, पण तो एकट्याचा नसतो.

खाण्याच्या सोड्याचे उदाहरण इथे उद्बोधक आहे. शरीराच्या दर किलो वजनामागे ०.२ ते ०.३ ग्रॅम सोडा शर्यतीच्या तास-दोन तास आधी घेतला की रक्ताची आम्लता सोसण्याची ताकद वाढते आणि एक ते दहा मिनिटांच्या जोरदार प्रयत्नात कामगिरी किंचित सुधारते. अशा वेळी रक्तातले लॅक्टेट कमी न होता वाढते, कारण स्नायूतून ते अधिक सहज बाहेर पडते. लॅक्टेट जास्त आणि कामगिरीही चांगली. पोट बिघडण्याचा धोका मोठा असल्याने अनेक खेळाडू या वाटेला जात नाहीत, हे खरे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवणारी अंगदुखी हा वेगळा विषय आहे, पण दोष तिथेही लॅक्टेटच्याच माथी मारला जातो. पहिल्यांदा उठाबशा काढल्यावर किंवा गड उतरल्यावर मांड्या जिने उतरताना बोंब मारतात, तीच ही दुखणी. १९८३ मध्ये श्वेन आणि सहकाऱ्यांनी ट्रेडमिलवर एक साधा प्रयोग केला. काहींना सपाटीवर धावायला लावले, काहींना उतारावर. सपाटीवर धावणाऱ्यांचे लॅक्टेट चढले, पण पुढे त्यांचे स्नायू फारसे दुखले नाहीत. उतारावर धावणाऱ्यांचे लॅक्टेट वाढले नाही आणि नंतरच्या दिवसांत दुखले मात्र त्यांचेच. उतारावर स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावतो. त्याने तंतूंना सूक्ष्म इजा होते, दाह होतो आणि साधारण २४ ते ७२ तासांत दुखणे शिगेला पोहोचते. तोवर रक्तातले लॅक्टेट केव्हाच पूर्वपदावर आलेले असते. ‘पायात लॅक्टिक अ‍ॅसिड भरलंय’ हे दुसऱ्या दिवशी ऐकू येणारे वाक्य म्हणून निराधार आहे.

लॅक्टेट शत्रू नाही, तर मग ते मोजायचे कशासाठी? कारण ते आतील घडामोडींची उत्तम खूण आहे. मोजण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. खेळाडू ट्रेडमिलवर ठरावीक वेगाने तीन ते पाच मिनिटे धावतो, अर्धा मिनिट थांबतो आणि पुढचा टप्पा थोड्या वाढीव वेगाने सुरू होतो. प्रत्येक थांब्यावर कानाच्या पाळीतून किंवा बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेतला जातो. टोचण्याआधी जागा स्वच्छ पुसून कोरडी करतात आणि पहिला थेंब टाकून देतात, कारण घामात लॅक्टेटचे प्रमाण रक्तापेक्षा कितीतरी जास्त असू शकते आणि घामाचा अंश जरी मिसळला तरी आकडा फुगतो. बोट फार दाबले तर ऊतींतील द्रव मिसळून तो पुन्हा चुकतो. पट्टीवरील विकर लॅक्टेटशी क्रिया करतो, सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि पाव मिनिटाच्या आत आकडा पडद्यावर येतो. यंत्र मधुमेहींच्या साखर मोजण्याच्या यंत्रासारखेच हातात मावते.

वेगाच्या प्रत्येक टप्प्याचे आकडे कागदावर मांडले की रेषा आधी जवळजवळ आडवी राहते, मग हळूच वर वळते आणि शेवटी उभी चढते. पहिले वळण साधारण दोन मिलिमोलच्या आसपास येते. दुसरा उंबरठा तो, ज्याच्यापुढे लॅक्टेट तयार होण्याचा वेग वापराच्या वेगावर मात करतो आणि आकडा स्थिर राहत नाही. त्यासाठी १९७० च्या दशकात जर्मनीत चार मिलिमोलची रेघ ठरवली गेली आणि ती अजून वापरात आहे. व्यक्तीव्यक्तीत मात्र फरक बराच असतो. कुणाचा उंबरठा तीनला येतो, कुणाचा सहाला. म्हणून चांगले प्रशिक्षक सरसकट चारचा आकडा न धरता त्या-त्या खेळाडूची रेषा पाहतात.

आता थांबल्यानंतरचे. जोरदार धाव संपते त्या क्षणी रक्तातले लॅक्टेट सर्वाधिक नसते. स्नायूत ते रक्तापेक्षा जास्त साठलेले असते आणि तिथून रक्तात उतरायला वेळ लागतो, त्यामुळे उच्चांक थांबल्यानंतर साधारण तीन ते आठ मिनिटांनी गाठला जातो. त्यानंतर उतरण सुरू होते. नुसते बसून राहिल्यास आकडा निम्मा व्हायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. सावकाश पळत किंवा हलकी सायकल मारत राहिल्यास तेच काम साधारण निम्म्या वेळात होते. कारण उघड आहे. चालू असलेले संथ तंतू लॅक्टेट जाळतात आणि रक्तप्रवाह टिकून राहिल्याने ते त्यांच्यापर्यंत पोहोचत राहते. हलक्या हालचालीचा जोर उंबरठ्याच्या थोडा खाली असला की उतार सर्वात जलद होतो. त्याहून वर गेला की नवे लॅक्टेट तयार होऊ लागते आणि हेतूच हरपतो.

इथवरची माहिती बहुतेक प्रशिक्षकांना असते आणि तिच्यावरून काढला जाणारा निष्कर्षही ठरलेला असतो: लॅक्टेट लवकर उतरले म्हणजे खेळाडू लवकर सावरला. नेमके हेच गृहीतक तपासून पाहायला हवे. १९९५ मध्ये ब्रिटनमधील बोग्दानिस आणि सहकाऱ्यांनी सायकलवर ३० सेकंदांची पूर्ण ताकदीची धाव करवली आणि नंतरच्या काही मिनिटांत स्नायूचे बारीक तुकडे घेऊन तपासले. ताकद परत येण्याचा वेग फॉस्फोक्रिएटिन भरून येण्याच्या वेगाशी जुळत होता. स्नायूची आम्लता मात्र तेव्हाही बरीच टिकून होती आणि लॅक्टेटही. म्हणजे आम्लता आणि लॅक्टेट जागेवर असतानाच ताकद परतत होती. फॉस्फोक्रिएटिन निम्मे भरायला साधारण अर्धा ते एक मिनिट लागतो आणि बहुतांश भरायला तीन ते पाच मिनिटे. ही भरपाई पूर्णपणे ऑक्सिजनवर अवलंबून असते. स्नायूचा रक्तपुरवठा रोखून धरला तर ती थांबते.

यातून एक अनपेक्षित वाटणारी गोष्ट निघते. दोन धावांमधला अवधी अगदी लहान असेल, म्हणजे १५-२० सेकंद, तर त्या अवधीत हळूहळू पळत राहण्यापेक्षा उभे राहणे हिताचे ठरते. हळू पळण्यासाठीही ऑक्सिजन लागतो आणि तो फॉस्फोक्रिएटिनच्या भरपाईतून कापला जातो. द्युपों यांच्या फ्रेंच गटाने २००३-०४ मध्ये १५ सेकंद जोर आणि १५ सेकंद उसंत अशी मालिका खेळाडूंकडून दमेपर्यंत करून घेतली. उसंतीत स्वस्थ राहिलेले खेळाडू, उसंतीत हालचाल करणाऱ्यांपेक्षा खूपच जास्त वेळ टिकले. अवधी चार-पाच मिनिटांचा किंवा त्याहून मोठा असला आणि पुढची फेरीही दमछाक करणारी असली, तर चालत-पळत राहण्याचा थोडा लाभ दिसतो. दोन शर्यतींमध्ये तास-दीड तास असला तर काहीही केले तरी लॅक्टेट उतरलेलेच असते. तेव्हा ग्लायकोजेन, पाणी आणि शरीराचे तापमान यांच्याकडे लक्ष देणे जास्त मोलाचे.

कबड्डीत ही गणिते रोज घडतात. एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. त्यात झेप, वळण, हिसका आणि सुटका असा फॉस्फोक्रिएटिनवर चालणारा जोर असतो आणि पुढची चढाई प्रतिस्पर्ध्याची असल्याने मुख्य चढाईपटूला मध्ये थोडा तरी अवकाश मिळतो. त्या अवकाशात बचावाच्या साखळीत उगाच न धावता श्वास सांभाळणारा खेळाडू शरीरशास्त्राच्या दृष्टीने बरोबरच वागत असतो. कुस्तीचे चित्र वेगळे. आंतरराष्ट्रीय कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, मध्ये फक्त ३० सेकंद. पकड सोडायची सोय नसल्याने हातांच्या स्नायूंतील रक्तप्रवाहच दाबला जातो. अशा लढतीनंतर १५ मिलिमोलच्या वरचे आकडे नेहमी आढळतात. तालमीत लढतीनंतर अंग रगडून घेण्याची जुनी पद्धत आहे आणि तिच्यामुळे ‘अ‍ॅसिड निघून जाते’ असे सांगितले जाते. कॅनडातील क्वीन्स विद्यापीठात २०१० मध्ये झालेल्या एका प्रयोगात मात्र हाताच्या व्यायामानंतर केलेल्या मालिशने स्नायूतील रक्तप्रवाह मध्येमध्ये दाबला गेला आणि लॅक्टेट व आम्लता बाहेर पडणे उलट मंदावले. म्हणून मालिश टाकाऊ ठरत नाही. तिने दुखणे हलके होते, अंग सैल पडते, मन शांत होते. तिचे गुण या जागी शोधावेत.

मधली उसंत किती असावी हे व्यायाम कशासाठी चालला आहे त्यावर ठरते. १९३० च्या दशकात जर्मनीत वोल्डेमार गेर्श्लर आणि हृदयतज्ज्ञ हेर्बर्ट राइंडेल यांनी टप्प्याटप्प्याने धावण्याच्या सरावाला शास्त्रीय रूप दिले. धावेत नाडी १८० च्या आसपास न्यायची आणि ती १२० वर आली की पुन्हा धावायचे. त्यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये मिलान येथे ८०० मीटरचा विश्वविक्रम १ मिनिट ४६.६ सेकंदांवर आणला. जपानच्या इझुमी ताबाता यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत याच्या दुसऱ्या टोकाची आहे. २० सेकंद धाव, १० सेकंद उसंत, अशा सात-आठ फेऱ्या. एवढ्या थोड्या उसंतीत फॉस्फोक्रिएटिन भरतच नाही, म्हणून ऊर्जेचे तिन्ही मार्ग ताणले जातात. सहा आठवड्यांत तरुण खेळाडूंची ऑक्सिजनविना काम करण्याची क्षमता २८ टक्क्यांनी वाढली आणि ऑक्सिजन वापरण्याची क्षमताही वाढली. पण त्या धावेचा जोर कमाल ऑक्सिजन वापराच्या १७० टक्के होता. आज ‘ताबाता’ म्हणून चार मिनिटे उड्या मारण्याचे जे वर्ग चालतात, त्यांत हा जोर क्वचितच असतो.

पूर्ण ताकद पुन्हा पुन्हा लावायची असेल तर उसंत मोठी हवी. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या मार्टिन गिबाला यांच्या गटाने ३० सेकंदांच्या जोरदार सायकल-धावा आणि मध्ये चार मिनिटे उसंत, असे दोन आठवड्यांत फक्त सहा दिवस करवून घेतले. २००५ च्या त्यांच्या अहवालात ठरावीक जोरावर टिकून राहण्याचा कालावधी २६ मिनिटांवरून ५१ मिनिटांवर गेला. नॉर्वेत याच्या उलट दिशेने विचार झाला. मारियुस बाक्केन या धावपटूने लॅक्टेट वारंवार मोजत सराव केला आणि पुढे इंगेब्रिग्ट्सेन बंधूंमुळे ही पद्धत जगभर गाजली. टोक्यो ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटर आणि पॅरिसमध्ये ५००० मीटरचे सुवर्ण जिंकणारा याकोब त्यातलाच. त्यांच्या उंबरठा-सरावात लॅक्टेट दोन ते चार मिलिमोलच्या मध्ये जाणीवपूर्वक रोखून धरतात. लांब पल्ला छोट्या तुकड्यांत मोडायचा, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबायचे, थेंब तपासायचा आणि आकडा वर गेला तर वेग कमी करायचा. त्यामुळे एकाच दिवशी सकाळ-संध्याकाळ असे दोन सराव शक्य होतात आणि तरीही पुढच्या दिवशी पाय जड होत नाहीत. यंत्राने वेग वाढवण्यापेक्षा तो आवरण्याचे काम करावे, हे या पद्धतीचे मर्म आहे.

अशा सरावाने शरीरात काय बदलते? तंतुकणिका वाढतात, केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, एमसीटी-१ ची संख्या वाढते. परिणामी त्याच वेगाला लॅक्टेट कमी तयार होते आणि जे होते ते लवकर वापरले जाते. सगळी रेषा उजवीकडे सरकते. लॅक्टेट स्वतःही निरोप्याचे काम करते, हे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहे. ओस्लोतील संशोधकांना २०१७ मध्ये उंदरांच्या मेंदूत लॅक्टेटच्या ग्राहीमार्फत नव्या रक्तवाहिन्या वाढताना दिसल्या. लॅक्टेट आणि फेनिलअ‍ॅलनिन या अमिनो आम्लाच्या जोडणीतून बनणारा एक रेणू जोरदार व्यायामानंतर रक्तात वाढतो आणि लठ्ठ उंदरांची भूक कमी करतो, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. शर्यतीच्या घोड्यांत आणि माणसांतही तो वाढतो.

खरी भरपाई मात्र रक्तातला आकडा उतरल्यानंतरही बराच काळ चालू राहते. ग्लायकोजेन पूर्ण भरायला, पुरेसे पिष्टमय अन्न मिळाले तर, साधारण एक दिवस लागतो. पुढचा सराव काही तासांवरच असेल तर पहिल्या काही तासांत दर किलो वजनामागे तासाला एक ग्रॅमच्या थोडे वर पिष्टमय पदार्थ घेणे उपयोगी ठरते. तंतूंची सूक्ष्म इजा भरायला दोन-तीन दिवस जातात, म्हणून पूर्ण ताकदीचे दोन सराव सहसा ४८ तासांच्या अंतराने ठेवतात. बर्फाच्या पाण्यात बसल्याने दुखणे कमी जाणवते, पण वजन उचलण्याच्या प्रत्येक सरावानंतर तसे केल्यास स्नायूंची वाढ कमी होते, असे २०१५ मधील एका अभ्यासात दिसले. झोपेला पर्याय अजून सापडलेला नाही.

लॅक्टेटच्या आकड्याची एक फसवी बाजू याच काळात समोर येते. आठवडेच्या आठवडे जड सराव, अपुरे अन्न आणि अपुरी झोप असली की स्नायूत ग्लायकोजेनच कमी उरते आणि लॅक्टेट बनवायला कच्चा मालच मिळत नाही. मग त्याच वेगाला यंत्र कमी आकडा दाखवते आणि दमसास सुधारल्याचा भास होतो. तपासणी करणाऱ्याने अशा वेळी खेळाडूला आणखी दोन गोष्टी विचारायच्या असतात: हा वेग किती कठीण वाटतो आहे, आणि पूर्ण जोर लावल्यावर आकडा पूर्वीइतका वर जातो का. धावणे जड वाटत असेल आणि शर्यतीनंतरचा उच्चांक नेहमीच्या १५ वरून ९-१० वर आला असेल, तर खेळाडू सुधारलेला नसून थकलेला असतो आणि त्याच्या पुढच्या आठवड्याच्या वेळापत्रकातून जोरदार सराव काढून टाकावे लागतात.